आपल्या शहराची हवा : पालिकेचे काम आणि आपले काम



या अभ्यासपाठाची सुरुवात आम्हांला एका कबुलीने करावी लागत आहे. सकाळच्या मिस्साला नेमाने येणाऱ्या आपल्या एक आजी गेल्या हिवाळ्यात यायच्या बंद झाल्या. दोन-तीन रविवार त्यांची जागा रिकामी दिसली, म्हणून आमच्यापैकी काही जण त्यांच्या घरी भेटायला गेलो. आम्हांला वाटले, गुडघे दुखत असतील. आजी म्हणाल्या, "पाय चालतात रे बाळांनो. पण सकाळी चर्चच्या मागच्या कोपऱ्यातून धूर येतो ना, तो छातीत गेला की दिवसभर धाप लागते. म्हणून घरीच बसून प्रार्थना करते."

तो मागचा कोपरा आपलाच. आवारातला पालापाचोळा, सणाच्या जेवणाच्या कागदी पत्रावळ्या, प्लास्टिकचे पेले, हारांचे दोरे असे सगळे तिथे ढिगाने साचत असे आणि आठवड्यातून एक-दोनदा पहाटे त्याला काडी लावली जात असे. वर्षानुवर्षे हे चालले होते. आपण कोणी कधी विचारले नाही. मिस्सा संपल्यावर फाटकाजवळ उभे राहून मात्र आपण सगळेच शहराच्या धुळीबद्दल, खोदलेल्या रस्त्यांबद्दल आणि महापालिकेबद्दल बोलत होतो.

त्या भेटीनंतर आम्ही ठरवले की तक्रार करण्याआधी हा विषय नीट समजून घ्यावा. हवा सुधारण्यासाठी आपल्याकडच्या स्थानिक संस्था काय करतात, त्यांच्यावर कायद्याने काय बंधन आहे, काम कुठे कमी पडते आणि त्यात आपला वाटा किती, एवढेच या पाठात पाहायचे आहे.

१. हवेत नेमके काय असते?

हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांचे शास्त्रज्ञांनी दोन मुख्य गट केले आहेत. पहिला 'पीएम १०'. म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रस्त्यावरची धूळ, बांधकामाची माती, खडी क्रशरची भुकटी यांतून असे कण मोठ्या प्रमाणात येतात. दुसरा गट 'पीएम २.५'. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. यावरून हे कण किती बारीक असतील ते समजेल. हे मुख्यतः जळण्यातून तयार होतात. डिझेलचा धूर, चुलीचा धूर, कोळसा, पेटवलेला कचरा ही त्यांची उगमस्थाने होत.

धुळीचे जाड कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात. आपण शिंकतो, खोकतो, काही बाहेर पडतात. धुराचे बारीक कण मात्र फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात आणि त्यांतले काही रक्तातही मिसळतात. म्हणून त्यांचा संबंध केवळ दम्याशी नाही, तर हृदयविकार आणि पक्षाघाताशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१३ मध्ये बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाला कर्करोगाचे कारण म्हणून जाहीर केले आहे.

मग हिवाळ्याच्या पहाटेच त्रास जास्त का होतो? उन्हाळ्यात जमीन तापते, गरम हवा वर जाते आणि धूरही तिच्याबरोबर वर जाऊन पांगतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची गार हवा खाली बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचे झाकण पडते. वाराही मंद असतो. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापी-गिरणेचा पट्टा, असा आपला खानदेश आहे. अशा वेळी पहाटे पेटवलेला कचरा डोक्यावरून निघून जात नाही. तो गल्लीतच बसतो. आजींना धाप लागली ती याच वेळी.

२. आकडा कसा वाचावा?

आपल्या देशाची हवेची मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी जाहीर झाली. त्यांनुसार एका घनमीटर हवेत पीएम १० चे प्रमाण वर्षाच्या सरासरीत ६० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. पीएम २.५ साठी हेच आकडे ४० आणि ६० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली मर्यादा याहून पुष्कळ कडक आहे. पीएम २.५ साठी वर्षाला फक्त ५ आणि पीएम १० साठी १५. म्हणजे आपल्या मानकात बसणारी हवाही निर्दोष असतेच असे नाही.

वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर जो आकडा दिसतो तो 'एक्यूआय', म्हणजे हवा गुणवत्ता निर्देशांक. २०१५ पासून आपल्या देशात तो दिला जातो. तो असा वाचावा: ० ते ५० चांगली हवा, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिवाईट आणि ४०१ च्या पुढे गंभीर. 'मध्यम' या शब्दाने फसू नये. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांना, लहान मुलांना आणि वृद्धांना या पायरीवरच त्रास सुरू होऊ शकतो.

जळगावात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा मोजण्याची जुनी ठिकाणे तीन आहेत: बी. जे. मार्केट, गिरणा पाण्याची टाकी आणि एमआयडीसी. अशा केंद्रांवर आठवड्यातून दोनदा चोवीस तास हवा ओढून गाळणीवर बसलेले कण मोजायचे, ही देशभरची पद्धत आहे. त्यानुसार वर्षाला १०४ नोंदी व्हाव्या लागतात. आता जळगावात प्रभात कॉलनी आणि धुळ्यात देवपूर येथे मंडळाची स्वयंचलित केंद्रेही आहेत. केंद्रीय मंडळाच्या 'समीर' या मोबाइल ॲपवर त्यांचे आकडे पाहता येतात. आपल्या घरातील नववी-दहावीच्या मुलाला सांगितले तर तो दोन मिनिटांत दाखवील.

३. जळगाव यादीत का आले?

ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षांच्या नोंदींत राष्ट्रीय मानकाबाहेर राहिली, त्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने अशा १०२ शहरांसाठी कृती आराखडे तयार करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम' सुरू केला. पुढे यादी वाढून सुमारे १३० शहरांची झाली. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, चंद्रपूर या मोठ्या नावांबरोबर त्यात आपले जळगाव आहे.

सुरुवातीचे उद्दिष्ट असे होते की २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत हवेतील कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. २०२२ मध्ये ते वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट किंवा मानकाइतकी हवा असे केले गेले. यादीतल्या शहरांना त्यासाठी निधी मिळाला. त्यातून महापालिकांनी करावयाची कामे साधारण अशी होती: रस्त्याच्या कडेच्या उघड्या साइडपट्ट्यांवर फरसबंदी करणे, यंत्राने रस्ते झाडणे, चौकांत कारंजी आणि तुषार फवारणी, दुभाजकांवर आणि मोकळ्या जागांवर झाडे, कचऱ्याच्या जुन्या ढिगांची विल्हेवाट, आणि लोकांना माहिती देणे.

जळगावकरांना यातली पहिली गोष्ट का महत्त्वाची आहे ते सांगायला नको. अमृत योजनेच्या पाण्याच्या नळांसाठी आणि भुयारी गटारांसाठी शहरातले रस्ते खोदले गेले. ही कामे गरजेचीच होती. पण खोदलेला रस्ता मातीने बुजवून तसाच राहिला की प्रत्येक रिक्षामागे धुळीचा लोट उठतो. महामार्गाचीही तीच गोष्ट. खोटेनगर, आकाशवाणी चौक, अजिंठा चौक या भागांतून अवजड वाहने जाताना कडेची माती दिवसभर उडत राहते, हे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो. रस्त्यावरची धूळ ही वरून पडलेली आपत्ती नाही. रस्ता, साइडपट्टी आणि झाडू या तीन गोष्टी नीट झाल्या की ती कमी होते. हे काम पालिकेच्या हातात आहे.

आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. केंद्र सरकार यादीतील शहरांची 'स्वच्छ वायू सर्वेक्षण' नावाची परीक्षा घेते. ती २०० गुणांची असते. रस्त्याची धूळ, कचरा, बांधकामाचा राडारोडा, वाहने, कारखाने, लोकजागृती अशा विषयांना त्यात गुण असतात. ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पहिला क्रमांक अमरावतीने मिळवला. अमरावतीही आपल्यासारखीच कापसाच्या पट्ट्यातली, कडक उन्हाची. जळगाव त्याच गटात मोडते. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती. म्हणजे हे काम आपल्या आकाराच्या शहराला अशक्य नाही.

४. धुळ्याचे काय?

आपल्यापैकी अनेकांचे माहेर किंवा सासर धुळ्याला आहे. तिकडचे नातेवाईक विनोदाने म्हणतात, "आमच्या गावाच्या नावातच धूळ आहे." मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही तिथूनच निघतो. ट्रकांची वर्दळ रात्रंदिवस असते. तरीही शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत धुळ्याचे नाव नाही. त्यामुळे त्या कार्यक्रमाचा निधी आणि आराखडा धुळ्याच्या वाट्याला आला नाही.

मग धुळेकरांनी काय म्हणायचे? यादीत नाव नाही, म्हणून पालिकेवर जबाबदारी नाही? तसे मुळीच नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही महानगरपालिका २००३ मध्ये स्थापन झाल्या आणि दोघींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवर पाणी मारणे, ते झाडून स्वच्छ करणे आणि झाडलेला केर उचलून नेणे हे त्यांतले एक आहे. म्हणजे 'धूळ बसवा' ही मागणी नवी नाही. पंच्याहत्तर वर्षांहून जुन्या कायद्यात ती लिहिलेली आहे.

याच कायद्याचे कलम ६७-अ फार कमी लोकांना माहीत असते. त्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी मागील वर्षाचा शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. हवा, पाणी, कचरा, आवाज यांची स्थिती त्यात यावी लागते. तो अहवाल मागण्याचा आणि वाचण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. मिळाला नाही तर १० रुपये फी भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो.

५. काम कुठे कमी पडते?

इथे एक गोष्ट शांतपणे समजून घ्यावी लागेल. या सगळ्या पाठाचा गाभा तोच आहे.

शुद्ध हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर, म्हणजे जाड कणांवर मोजली गेली. साहजिकच पैसाही धुळीकडे गेला. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला. तेव्हापर्यंत खर्च झालेल्या निधीपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्याच्या धुळीवर खर्च झाली होती. कचरा आणि पालापाचोळा जाळणे रोखण्यासाठी सुमारे १४.५ टक्के, वाहनांसाठी सुमारे १२.६ टक्के आणि कारखान्यांच्या प्रदूषणासाठी एक टक्काही नाही.

धूळ कमी करणे चुकीचे नाही. धुळीचाही त्रास होतो, आणि झाडून-झाडून तो सफाई कामगार बहिणींना सर्वांत जास्त होतो. पण धूळ डोळ्यांना दिसते. फरसबंदीचे उद्घाटन करता येते, कारंज्याचा फोटो काढता येतो. जास्त घातक असलेला बारीक धूर तसा दिसत नाही आणि कारंज्याने तो बसतही नाही. तो थांबवायचा असेल तर जळणेच थांबवावे लागते.

चीनच्या बीजिंग शहराने हे करून दाखवले. तिथे २०१३ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी सुमारे ९० मायक्रोग्रॅम होती. २०१७ मध्ये ती ५८ वर आली आणि २०२१ मध्ये ३३ वर. कोळशावरच्या भट्ट्या आणि घरगुती शेगड्या बदलल्या, जुनी वाहने काढली, कारखान्यांवर कडक मर्यादा घातल्या, तेव्हा हे झाले.

आपल्याकडे जळते काय? शहराबाहेर कचरा डेपो आहेत. जळगावचा आव्हाणे शिवारात, धुळ्याचा वरखेडीकडे. डेपोतल्या ढिगांना उन्हाळ्यात आगी लागल्या की आसपासच्या वस्त्यांना कित्येक तास धूर सोसावा लागतो. ओला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. त्यामुळे ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला तर डेपोची आगही कमी होते. आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांचा आणि दूरच्या वस्तीतल्या मुलाच्या खोकल्याचा असा सरळ संबंध आहे.

ज्यांच्या घरी गॅस सिलिंडर आहे पण भरायला पैसे पुरत नाहीत, त्या घरांत चूल पेटते. शेतात पऱ्हाटी पेटते. गल्लीत पाचोळा पेटतो. आणि चर्चच्या मागच्या कोपऱ्यात आपल्या पत्रावळ्या पेटत होत्या.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हवेच्या प्रदूषणाचा उल्लेख अगदी सुरुवातीच्या भागात आहे. दूषित हवेचा मार सर्वांत आधी गरिबांवर पडतो आणि स्वयंपाकाच्या इंधनाचा धूरही माणसांना आजारी करतो, असे तिथे म्हटले आहे. आपल्या शहरात पाहा. चौकात उभा वाहतूक पोलीस, हातगाडीवर केळी विकणारा भाऊ, रस्ता झाडणारी ताई, महामार्गालगतच्या झोपडीत राहणारे कुटुंब. ज्यांना खिडकी लावून घेता येत नाही त्यांच्या वाट्याला ही हवा जास्त येते.

६. कोणाकडे काय मागावे?

पुष्कळदा आपली तक्रार चुकीच्या दारावर जाते आणि मग "कोणी ऐकत नाही" असे आपण म्हणतो. म्हणून हे ध्यानात ठेवावे.

गल्लीतला केर, रस्त्याची झाडलोट, खोदलेल्या अंतर्गत रस्त्याची दुरुस्ती, पडलेला राडारोडा, जळणारा कचरा, घंटागाडी वेळेवर न येणे: महापालिकेचे आरोग्य आणि बांधकाम विभाग, आणि आपले नगरसेवक.

कारखान्याचा धूर, दालमिलची भुकटी, प्लास्टिक वितळवल्याचा वास, दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी राख: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्याला हवा प्रदूषण कायदा, १९८१ खाली अधिकार आहेत.

काळा धूर सोडणारे वाहन, पीयूसी नसणे: आरटीओ आणि वाहतूक पोलीस.

राष्ट्रीय महामार्गाची साइडपट्टी: राष्ट्रीय महामार्गाचे कार्यालय. पालिकेकडे अर्ज केला तर तो परत येण्याची शक्यता जास्त.

तक्रार लेखी द्यावी, तारीख आणि नेमकी जागा लिहावी, शक्य तर फोटो जोडावा आणि पोचपावती घ्यावी. एका माणसाच्या अर्जापेक्षा गल्लीतल्या वीस घरांच्या सह्यांचा अर्ज लवकर हलतो. त्या वीस घरांत सर्व धर्मांचे शेजारी असावेत, कारण हवा सर्वांची एकच आहे.

आणखी एक गोष्ट. जळगावात सप्टेंबर २०२३ पासून आणि धुळ्यात डिसेंबर २०२३ पासून निवडून आलेले सभागृह नव्हते, कारभार प्रशासक पाहत होते. १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि दोन्ही शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले. मत मागायला जे आपल्या दारी आले होते, त्यांच्या दारी आता आपण जायला हरकत नाही. पालिकेचे अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला ठरते. 'आमच्या प्रभागात किती मीटर साइडपट्टी पक्की करणार? पाचोळ्यासाठी खतखड्डे कुठे करणार?' असे नेमके प्रश्न त्याआधी विचारले तर उपयोग होतो.

७. आपले काम

आपण कायद्याच्या बाहेर नाही हेही आम्हांला वाचताना कळले. हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशात उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी घातली. साधा कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत असेही होते की विनापरवाना जागेवर शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम करायचा असेल तर तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवावे आणि कचरा वेगवेगळा करून द्यावा. १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यासाठी आलेल्या नव्या नियमांत घरचा कचरा चार भागांत वेगळा करायला सांगितले आहे: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आपल्या सणाच्या जेवणाला शंभर नव्हे, कित्येक शंभर लोक असतात. कळवण्याचे तर राहोच, आपण पत्रावळ्या जाळत होतो.

म्हणून आता आवारात पुढील गोष्टी सुरू केल्या आहेत.

एक, मागच्या कोपऱ्यात काडी लावणे बंद. तिथे दोन खड्डे केले आहेत. पाचोळा एका खड्ड्यात टाकायचा, मधूनमधून शेणकाला आणि पाणी शिंपडायचे, वर मातीचा थर द्यायचा. एक भरला की दुसरा. चार-सहा महिन्यांत खत होते. ते बागेला वापरता येईल.

दोन, सणाच्या जेवणाला स्टीलची ताटे आणि पेले. तरुण मंडळाने धुण्याची जबाबदारी घेतली आहे. ताटे कमी पडतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी द्यावीत.

तीन, ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीकडेच द्यायचा.

चार, मिस्साच्या वेळी फाटकाशी गाड्यांची इंजिने चालू ठेवायची नाहीत. जवळ राहणाऱ्यांनी चालत यावे.

घरीही पाहावे. अंगण झाडताना आधी पाणी शिंपडावे. ही आपल्या आजी-पणजींची सवय होती आणि शास्त्राला धरून होती. भरीत भाजायचे तर कोरड्या काड्यांवर थोडक्या जाळात भाजावे. पऱ्हाटीवर भाजलेल्या भरताची चव आम्हांलाही प्रिय आहे. त्या जाळात प्लास्टिकची पिशवी मात्र टाकू नये. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हिवाळ्यात पहाटे फिरायला जाण्याऐवजी ऊन पडल्यावर जावे. डॉक्टरांनी दिलेला पंप 'सवय लागेल' या भीतीने बंद करू नये. धुळीत काम करणाऱ्यांनी तोंडावर नुसता रुमाल बांधण्यापेक्षा एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

काही जण म्हणतील, एका चर्चच्या खड्ड्याने शहराची हवा बदलणार आहे का? शहराची नाही बदलणार. पण ज्या गल्लीत आजी राहतात, त्या गल्लीची पहाट बदलते. आणि एवढे केल्यावर पालिकेच्या दारात उभे राहून बोलायला आपल्याला तोंड उरते. ज्याच्या मागच्या कोपऱ्यात धूर निघतो, त्याने पुढच्या फाटकात धुळीची तक्रार करावी, हे काही शोभत नाही.

खड्डे सुरू झाल्यावर आम्ही आजींना पुन्हा भेटलो आणि हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बघते येऊन. धूर नसेल तर बसेन, असेल तर उठून जाईन." पुढच्या रविवारी त्या आल्या, दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि शेवटच्या गीतापर्यंत थांबल्या.

कुटुंबात आणि वस्तीच्या प्रार्थनासभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत आठवड्यातून किती वेळा कचरा जाळला जातो? कोण जाळते, आणि दुसरी सोय नाही म्हणून जाळते का?

२. आपल्या प्रभागातला कोणता रस्ता खोदून तसाच राहिला आहे? तो कोणाच्या ताब्यात आहे?

३. आपल्या शहराचा मागील वर्षाचा पर्यावरण स्थिती अहवाल मागण्यासाठी आपल्यापैकी कोण अर्ज करील?

४. आपल्या वस्तीत अजून चुलीवर स्वयंपाक करणारी किती घरे आहेत? त्यांना सिलिंडर भरण्यासाठी आपण काही मदत करू शकतो का?

उत्तरे लिहून पुढच्या रविवारी मिस्सानंतर अभ्यासगटाकडे द्यावीत. ती एकत्र करून आपल्या नगरसेवकांना भेटायला जाऊ. त्या भेटीला येण्याची तयारी असणाऱ्यांनी आपले नाव कागदाच्या खाली लिहावे.

– धर्मग्राम अभ्यासगट